मनोरीच्या सिस्टरची सायकल

सायकलने मनोरी-गोराईला जायचा विचार करताय? जरूर जा. मी तो रस्ता पहिल्यांदा केला तो नववीत असताना. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती.

वाकोल्याच्या आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासातून मंडळं निघाली होती. शिवण मंडळ दिवाळीआधी झबली शिवून दवाखान्यात द्यायचं, पाककला मंडळ गॅदरिंगला थालीपिठांचा स्टॉल लावायचं. कांबळे सरांचं सायकल मंडळ दर जानेवारीत एका रविवारी, जिथे सायकलचं दुकान नाही अशा गावात जाऊन लोकांच्या सायकली फुकट दुरुस्त करायचं. मंडळात नऊ मुलगे आणि आम्ही दोघी, मी आणि सुरेखा. त्या वर्षी सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘मनोरी’.

मी बाबांची सायकल मागितली. गिरणी सुटल्यावर ते मरोळच्या एका कारखान्यात लागले होते आणि रोज तिच्यावरूनच जायचे. आई नको म्हणत होती. बाबा म्हणाले, “जा. पण सोमवारी सकाळी माका ती होयी हां.”

पहाटे निघालो. मिलन सबवेतून पश्चिमेला, मग एस. व्ही. रोडने सरळ मालाडपर्यंत. तिथे वडापाव. पुढे मार्वेचा रस्ता खारट वाऱ्याचा. धक्क्यावर माणसाइतकंच सायकलचंही तिकीट घेतात, सुटे पैसे जवळ ठेवा. होडीत सायकली आडव्या रचल्या आणि दहा मिनिटांत पलीकडे. एवढ्याशा पाण्यापलीकडे रस्त्यावर जाळी वाळत घातलेली, माडांची सावली. मुंबई आहे हे सांगावं लागेल इतकं शांत.

चावडीजवळ पोती अंथरून बसलो. तासाभरात रांग लागली. पंक्चर, ब्रेक, चेन. मग सरकारी दवाखान्याच्या सिस्टर आल्या. पांढरी साडी, कॅरिअरला बॅग. “पॅडल मारलं की कटकट वाजतं गं. बघ जरा.”

पॅडलचा दांडा म्हणजे क्रँक, तो आसाला घट्ट धरून ठेवणारी कॉटर पिन सैल होती. ती काढून, साफ करून पुन्हा ठोकायची, एवढंच काम. क्रँकखाली आधार द्यायचा, हे सरांनी दहादा सांगितलेलं. पण बाजूला मुलगे बघत होते आणि मला झटपट करून दाखवायचं होतं. आधार न देताच हातोडा मारला. पिनचे आटे चेपले, दुसऱ्या घावाला ती मोडली.

आमच्या डब्यात पॅच होते, छर्रे होते, ब्रेकची रबरं होती. कॉटर पिन एकही नव्हती.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आला. “सिस्टर, चला लवकर. बायकोला कळा सुरू झाल्या.” त्याचं घर गोराईच्या वाटेवर, पार लांब. आणि साडीत चालवता येईल अशी बिनदांड्याची सायकल तिथे सिस्टरची एकच होती.

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. “झाली का सायकल?”

“माझ्याकडून पिन मोडली,” मी म्हणाले. एक मुलगा पुटपुटला, “वाट लागली.”

“सर, माझ्या सायकलची पिन काढू?” मी विचारलं.

“सायकल वडिलांची ना? मग परत कशी जाशील?”

“चालत जाईन.”

 सरांनी तोच हातोडा माझ्या हातात दिला. “काढ. पण आता आधार देऊन.”

“मी नको सर, तुम्ही...”

“तूच. घाई करू नकोस.”

सुरेखाने क्रँकखाली लाकडाचा ठोकळा धरला. पिन अख्खी निघाली. सिस्टरच्या सायकलला ठोकून बसवली, नट आवळला. त्या बसल्या आणि निघाल्या. कटकट नाही. मी तिथेच मटकन बसले आणि रडले. एका मावशींनी पुढ्यात तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी ठेवली. “खा गं बाय, खा.” इतकी चवदार भाकरी मी नंतर कुठे खाल्ली नाही.

दुपारी गोराईकडे निघालो. सुरेखाने मला डबलसीट घेतलं, मी एका हाताने माझी लंगडी सायकल ओढत होते. वाळूत दोनदा पडलो. “जाड्ये, उतर आता, चालू या,” सुरेखा हसत म्हणाली, आणि मग सगळं मंडळच उतरून चालायला लागलं.

गोराईच्या वाटेवर सिस्टर एका घरासमोर हात धूत उभ्या होत्या. “मुलगी झाली,” त्या म्हणाल्या. “नाळ गळ्याभोवती होती. मी होते म्हणून निभावलं.” मग माझ्या गालावर ओला हात ठेवला. “पिन मोडलीस ते लपवलं नाहीस. बरं केलंस.”

गोराईची खाडी ओलांडून बोरिवलीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे सायकल तशीच लंगडत, ओढत ओढत रात्री घरी आली. बाबांना सगळं सांगितलं. ते बाहेर गेले. ओळखीच्या सायकलवाल्याला घरातून उठवून नवीन पिन घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवली.

“घाल. मी हंयसर बसतंय.”

पुढे मी खूप फिरले, मोठे डोंगर चढले. पण बिघडवलेली वस्तू दुरुस्त करायला ती पुन्हा माझ्याच हातात देणारी माणसं एका दिवसात दोन भेटली ती त्या रविवारी. कांबळे सरांना हे कधी सांगितलं नाही, म्हणून आज इथे लिहिलं.

सोमवारी सकाळी बाबांनी डबा हँडलला अडकवला, पॅडल फिरवूनही न बघता टांग मारली आणि मरोळच्या दिशेने निघून गेले.