डुलकी आणि आमीन

आई, जीप भरली होती, तरी तुझी प्रार्थना संपत नव्हती. सुरगाण्याच्या स्टँडवर माझ्या डोक्यावर हात ठेवून तू देवाला माझं नाव, गाव, कंपनी, सगळं सांगत होतीस. मी पुटपुटले, "आटप ना, लोक बघतात." ड्रायव्हर म्हणाला, "होऊ दे आमीन, मग निघू." लाजेनं मेले मी. नागलीच्या पिठाची पिशवी मांडीवर घेऊन नाशिक येईपर्यंत कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

सातपूरच्या कंपन्यांना सुट्टी शनिवारी आणि उपासना रविवारी. झालं, सुटली उपासना. आधी रुखरुख लागायची, मग तीही दमली. दिवसभर उभं राहून वायरी जोडायच्या, खोलीवर येऊन भाकरी थापायच्या, पाणी आलं तर धुणं. गावी भाताच्या लावणीला वाकून कंबर मोडायची, पण शेजारी तू असायचीस. इथं दमायचं तेही एकटीनं. देवाचा राग आला होता मला. तू फोनवर विचारायचीस, "देवाचं नाव घेती ना?" मी म्हणायचे, "हो, घेते ना." खोटं बोलत होते, आई.

कँटीनमध्ये डबा उघडला की माझी मान खाली जायची, डोळे मिटायचे. दोन मिनिटं डुलकी. एकदा शेजारी बसणारी मंगलताई हळूच म्हणाली, "झाली का गं प्रार्थना? आज माझ्या पोरीसाठी पण माग ना. उद्या तिचं ऑपरेशन हाय." वर बघते तर अख्खं टेबल हातात घास धरून थांबलेलं. पहिल्या आठवड्यात या बायकांनी मला प्रार्थना करताना पाहिलं होतं. तेव्हापासून रोज माझ्या डुलकीसाठी थांबत होत्या.

खरं सांगायला तोंड उघडलं, पण मंगलताईचे डोळे बघून सांगवेना. हात जोडले. शब्द येईनात, रडूच आलं. शेवटी तुझ्यासारखी सुरुवात केली: पोरीचं नाव, गाव, दुखणं, जणू देवाला काही माहीतच नाही. मग माझंही सांगितलं, दमले रे बाबा म्हणून. लांबतच गेलं. जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा वाजली, तरी कुणी उठेना. सुपरवायझर आला तेव्हा मंगलताई म्हणाली, "थांबा ओ साहेब, आमीन होऊ द्या."

ऑपरेशन झालं, पण पोर अजून पुरती बरी नाही. मी मागतेय. चैन मला अजूनही पडत नाही, डुलकीही लागते. पण फोनवरचा 'हो' आता खरा आहे, आई. आणि घर म्हटलं की तुझ्यामागोमाग मला ते टेबल आठवतं, माझ्यासाठी थांबलेलं.