बस्ता जाळलेली पोर

त्या वर्षांची आठवण काढली की मला सगळ्यात आधी थकवा आठवतो. माणसं, प्रसंग, मुलींचे चेहरे नंतर येतात.

वडवणीच्या बाहेर, बीडच्या रस्त्याला, पत्र्याच्या खोल्या आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण, असं आमचं केंद्र होतं. ज्या मुलींपुढं घरच्यांनी हात टेकले होते त्या तिथं राहायच्या, शिकायच्या आणि दर गुरुवारी अंबाजोगाईहून येणाऱ्या डॉक्टरबाईंशी बोलायच्या. डॉक्टरबाई मनाच्या आजारांच्या. फाटकावरच्या पाटीवर लांबलचक नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. एसटीचा कंडक्टर "येड्या पोरींची शाळा" असं ओरडायचा आणि मी खाली उतरायची.

मी मराठी आणि इतिहास शिकवायची आणि राहायलाही तिथंच होते. त्यामुळं तास संपले तरी काम संपायचं नाही. कुणी पळून जायची, कुणी आठवडाभर अंघोळ करायची नाही, कुणी दुसरीचे केस उपटायची. वडवणीत तेव्हा पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ निघाले होते, घरांवर डिशच्या छत्र्या दिसायला लागल्या होत्या. देश बदलतोय असं पेपरात रोज यायचं. आमच्याकडं मात्र सकाळी पाणी येईल का, हीच बातमी असायची.

अशात एका दुपारी सिरसाळ्याहून एक जीप आली. तिथल्या कापड दुकानदाराची मुलगी होती, पंधरा वर्षांची. कपाळाला आडवं भस्म लावलेले वडील आधी उतरले, मग हाताला धरून त्यांनी तिला उतरवलं. आई जीपमध्येच बसून राहिली. मी पाणी पाठवलं तरी ती खाली उतरली नाही.

"बाई, हिनं माझं दुकान पेटवलं," वडील म्हणाले. आवाजात राग नव्हता. माणूस पार दमलेला होता. "देवऋषी झाला, दर्गा झाला, परळीला सुया टोचून आणल्या. काई फरक न्हाई. आता तुमीच बघा."

मी मुलीला विचारलं, "कावून पेटवलं ग?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "त्यांना इचारा."

वडील दुसरीकडं बघायला लागले. मग जीप आली तशी निघून गेली.

त्या दिवसापासून केंद्रातल्या सगळ्या काडेपेट्या माझ्या कमरेला. स्वयंपाकाच्या मावशींनी पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की ही पोर सैपाकघराच्या दारात जरी दिसली तरी मी माझ्या गावाला जाईन. चूल पेटवायची वेळ आली की मी काडी ओढून द्यायची, काडेपेटी पुन्हा खोचून ठेवायची. झोपेतसुद्धा माझा हात कमरेवर असायचा. मुलगी अंगणात बाभळीखाली बसून राहायची. वर्गात यायची, पण वहीत एक अक्षर काढायची नाही. एका मुलीनं तिला "जाळी" म्हणून चिडवलं, तर तिनं तिच्या दंडाला असा चावा घेतला की टाके घालायला दवाखान्यात न्यावं लागलं.

गुरुवारी डॉक्टरबाई तिला समोर बसवायच्या. त्या विचारायच्या, ती खिडकीबाहेर बघायची. आठवड्यांमागून आठवडे असंच चाललं. एकदा डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "घाई करू नका. तिला एखादं काम नेमून द्या. आपल्यावर कुणाचा तरी विश्वास आहे हे तिला कळू द्या. स्वयंपाकघरातलंच द्या, चहाचं वगैरे."

"डॉक्टरबाई," मी म्हणाले, "तुम्ही गुरुवारी येता. बाकीचे दिवस इथं मी असते."

त्या हसल्या. मी हसले नाही. अंगात तेवढं त्राणच नव्हतं.

पावसाळा सरता सरता मला थंडीताप आला. नेमक्या त्याच दिवसांत मावशींच्या माहेरी कुणीतरी गेलं आणि त्यांना तिकडं जावं लागलं. सकाळ झाली, पोरी चहाची वाट बघत ओट्यावर बसल्या होत्या आणि मला उठून उभं राहता येईना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी घोंगडं पांघरून बसले. मी काड्या ओढून दिल्या आणि मोठ्या मुलींपैकी दोघींनी स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला. पत्र्याची ती खोली धुरानं भरली, पण स्टोव्ह काही धरेना.

सिरसाळ्याची ती पोर बाहेरून बघत होती. जवळ आली आणि माझ्यापुढं हात केला.

मी कमरेची काडेपेटी काढून तिच्या हातावर ठेवली. पुष्कळांना नंतर वाटलं, की मी मोठा विचार करून ते केलं. तसं काही नव्हतं. मला नाही म्हणायलाही जड जात होतं.

तिनं दोघींना बाजूला केलं. स्टोव्हला पिन मारली, हवा सोडली, काकडा रॉकेलात बुडवून बर्नरखाली लावला आणि तो जळून संपेपर्यंत गप बसून राहिली. मग सावकाश पंप मारला. निळी ज्योत आली, आवाज धरला. तिनं आधण ठेवलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "ताई असाच पेटवायची. मला तिनंच शिकवलं. घरात तिच्याइतका कुणालाच येत नव्हता."

तिनं पंप आणखी दोनदा मारला.

"तिच्या सासरनं सांगावा आला, स्टोव्हचा भडका उडाला म्हून. तिच्या हातनं भडका कसा उडंल, बाई?"

पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं होतं. तिनं साखर टाकली, पत्ती टाकली, आणि ढवळत ढवळत सगळं सांगून टाकलं. ताई गेली तेव्हा तिचा मुलगा रांगत होता. वर्ष झालं नाही तोच जावयाकडची माणसं आली. लेकराला आई पाहिजे, धाकटीला द्या, म्हणाली. वडील हो म्हणाले. लग्नाच्या साड्यांचा बस्ता घरच्याच दुकानात फाडायचा ठरला. जावई गादीवर बसून चहा पीत होता आणि साड्या उलगडून बघत होता.

"हा रंग हिला चांगला दिसंल, असं म्हणत हुता. माझ्याम्होरं. ते जेवायला घरात गेले आन् मी त्या साड्यांवर रॉकेल वतलं." तिनं स्टोव्हची हवा सोडली. ज्योत विझली. "दुकान न्हाई पेटवलं, बाई. बस्ता पेटवला. दुकान त्याच्यामागं लागलं."

मग तिनं काडेपेटी माझ्या हातात परत दिली आणि सगळ्यांना चहा वाटला. पोरी निमूट प्यायल्या. मलाही तिनं कपात ओतून दिला, आणि पाहिजे तर अजून हाय म्हणाली.

येत्या गुरुवारी हे डॉक्टरबाईंना मी सांगू का, असं मी तिला विचारलं. तिनं खांदे उडवले. "सांगा. मला दुसऱ्यांदा सांगवणार न्हाई."

डॉक्टरबाईंनी आईवडिलांना बोलावून घेतलं. या वेळी आईही आत आली. मुलगी माझ्या शेजारी बसली होती. डॉक्टरबाईंनी सरळच विचारलं, की मोठ्या मुलीचं काय झालं हे तुम्ही कधी नीट विचारलंत का?

"पंचनामा झाला, मिटलं ते," वडील म्हणाले.

कोपऱ्यातून आई बोलली. इतकी हळू की मला कान द्यावा लागला. "मला ठावं हाय. तिला स्टोव्ह पेटवता यायचा."

वडिलांनी बायकोकडं बघितलं. मग त्यांचा चेहराच उतरला. "मग मी काय करू? माझा नातू त्या घरात हाय. भांडलो तर त्याचं त्वांड बी दिसू देणार न्हाईत. म्हून हिला द्यायला निघालो हुतो. आपली हाय, लेकराला जीव लावील, असं वाटलं."

"आन् मला?" मुलगी म्हणाली. "मला काई झालं असतं मग?"

गुडघ्यावरची टोपी वडील बोटांनी चुरगाळत राहिले. निघताना एवढंच म्हणाले, "तिकडं द्यायची न्हाई हिला. सांगतो मी त्यांना."

गोष्टीत इथून सगळं सरळ होतं. आमच्याकडं झालं नाही. ते गेल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ताटं भिंतीवर फेकली. पुढं कितीतरी महिने तिचं असंच चाललं. चार दिवस बरे जायचे, अभ्यास करायची, धाकट्या मुलींच्या वेण्या घालायची, आणि मग काहीतरी बिनसायचं. मी फेकलेली भांडी गोळा करायची, समजूत घालायची, दुसऱ्या दिवशी उठून वर्गात शिवाजी महाराजांची राजनीती शिकवायची. जावयानं दुसरीकडं लग्न केल्याचं कळलं त्या दिवशी ती दुपारभर झोपली. ती इतकी गाढ झोपलेली मी तोवर कधी बघितली नव्हती. मी दाराशी बसून होते. मलाही डुलकी लागली.

दहावीला ती गणितात गेली, ऑक्टोबरात सुटली. चौसाळ्याहून तिचे मामा न्यायला आले, कारण सिरसाळ्याला जायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पिशवी खांद्याला लावून ती फाटकापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "बाई, तुमी औषध घेत जा. तुमचा ताप अजून अंगात हाय." मग मामांमागं निघून गेली. मी खोलीत येऊन आडवी झाले. रडू यायला हवं होतं, पण झोप आधी आली.

पुढं काही वर्षांनी ट्रस्टनं केंद्र बंद केलं. मला बीडमध्ये शाळेत नोकरी लागली. एकदा परळीला जाताना सिरसाळ्याच्या स्टँडवर एसटी थांबली, आणि खिडकीतून मला तिची आई दिसली. तिनंही मला ओळखलं आणि खिडकीशी आली. जावयाच्या नव्या बायकोला थोरलीचं पोर नको झालं, नातू कायमचा इकडं आला, असं तिनं सांगितलं. ते कळल्यावर लेक चौसाळ्याहून आपणहून घरी आली. आता पोराला शाळेत तीच सोडते. दुकान नवं बांधलंय, रेडिमेड ठेवलंय, आणि गल्ल्यावर तीच बसते.

"तिला राग येतो का हो अजून?" मी विचारलं.

"येतो की. लई येतो." ड्रायव्हरनं गाडी चालू केली होती, म्हणून ती आवाज चढवून म्हणाली, "तिकडचे लोक पोराला बघाय येतात कदीमदी. आमी आत जातो, बाई. ती जात न्हाई. गल्ल्यावरच बसून ऱ्हाती, त्यांच्याकडं बघत. थोडा येळ बसतात आन् तेच उठून जातात."