मे महिन्यात बदललेलं इंजिन

समोर असतीस तर म्हटलं असतं, ये वं, अशी जवळ सरक. उभ्या उभ्या विचारायची गोष्ट आहे का ही? परवा लग्नात भर पंगतीत विचारलंस, "मावशी, ताईची ती गाडी अजून पोर्चमध्येच सडून राहिली का?" आणि मी तोंड उघडायच्या आत मठ्ठा आणायला उठून गेलीस. मी आपली हातात घास घेऊन बसले. तुझी ही सवय चांगली नाही. विचारलं की बसून ऐकावं. तिथे सांगायचं राहिलं ते आता लिहून काढते, आणि तू ते शेवटपर्यंत वाचायचं.

तर माझी मुलगी. दिवसा घरी बसून कॉम्प्युटरवर कंपनीचं काम करते, आणि काम संपलं की पोर्चमध्ये. आमच्या हुडकेश्वरच्या घराचा पोर्च कधीपासून माझा राहिलेलाच नाही. तिथे तिची ती जुनी, लहानशी गाडी. रस्त्यावर चालवायची नाही, मद्रासकडे एक ट्रॅक आहे तिथे न्यायची. ट्रॅक म्हणजे वळणावळणाचा बंदिस्त रस्ता. समोरून कोणी येत नाही, सिग्नल नाही, लोक आपापल्या गाड्या आणतात आणि दिवसभर पळवतात. बक्षीसही नाही. मी म्हटलं, मग जायचं कशाला? तर म्हणते, "तू भजनात जाते, तिथं काय बक्षीस भेटते?"

मागच्या वर्षी गेली होती. दुसऱ्याच फेरीत इंजिन बसलं. सगळ्यांसमोर गाडी दोरीनं ओढत बाहेर आणली म्हणे. घरी आल्यावर कितीतरी दिवस पोर्चमध्ये फिरकली नाही. मग एक दिवस टेम्पोतून एक इंजिन उतरलं. मोठ्या गाडीचं. त्या गाडीला मागून ट्रकनं ठोकलं होतं, पुढचं इंजिन शाबूत होतं. "हे आता आपल्या गाडीत," म्हणाली. आणि मग अगदी शांतपणे, "आई, यावेळी नाही जमलं तं विकून टाकते मी गाडी. बंदच करते हे सारं."

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. ते ऑइलचे डाग, तो पसारा, माझी तुळस पार कोपऱ्यात ढकललेली. पण ती ज्या आवाजात 'बंदच करते' म्हणाली ना, तो आवाज मला सहन होईना. आणि दुसरीकडे पोरगी इतक्या वेगानं गाडी पळवणार हेही सहन होत नव्हतं. जमावं असं वाटे आणि जमूच नये असंही वाटे. माझा पाय एका जागी ठरेना. कुकर लावला की बाहेर, बाहेरून आत, शिट्ट्या किती झाल्या पत्ता नाही.

तिनं लोखंडी पाइपांची घोडी उभी केली, तिला चेनपुली टांगली. तुझे काका खुर्ची टाकून बसले होते. "घोडी पडली तं इंजिनाले काही व्हायचं नाही," म्हणाले, "आपल्या पायाचं पाहा." जुनं इंजिन साखळीनं वर उचललं गेलं आणि गाडीचं नाक एकदम वर आलं, डोक्यावरचं पोतं उतरवल्यावर हमाल ताठ होतो तसं. नवं आत उतरवायला मात्र घाम निघाला. जुन्याचे पाय जिथे, तिथे नव्याचे नाहीत. मग नवे पाय वेल्डिंग करून बसवले. वायरी तर शेवया वाळत घातल्यासारख्या. आणि एकदाचं ते सुरू झालं तेव्हा खिडकीच्या काचा थरथरल्या.

काका म्हणाले, "आता एका घरात दोन इंजिनं झाली. याले निदान बंद करायची चावी तरी आहे."

माझे हात कणकेत होते म्हणून वाचले ते.

मला वाटलं झालं. पण गाडी तापायला लागली. आमच्या मागे एक मोकळा लेआउट आहे, रस्ते पडलेत आणि घरं नाहीत, तिथे ती पळवून पाहायची. थोड्या फेऱ्या झाल्या की काटा लालवर, बॉनेटमधून वाफ. रेडिएटर मोठा टाकला. पंखा बदलला. पाण्याचा पाइप बदलला. काटा तिथेच. आणि वाडीच्या ट्रान्सपोर्टमधून सोमवारी मद्रासकडचा ट्रक निघणार होता, त्यावर गाडी चढवायची होती. ट्रक गेला की यंदाचं संपलं, आणि यंदाचं संपलं म्हणजे सगळंच संपलं, ते तिनं सांगूनच ठेवलं होतं.

शनिवारी दुपारी जेवायला बसलो होतो. बाहेर लू चाललेली, धूळ आत येत होती म्हणून मी उठून खिडकी लावली. ती वैतागलेलीच होती. "आई, कूलर चालू आहे अन् तू खिडकी काहून लावून राहिली? हवेले बाहेर जायले जागा नको का? सारं घर चिपचिप..."

आणि थांबली. वरणभातात हात तसाच. मग उष्ट्या हातानंच पोर्चमध्ये पळाली. मी मागे अनवाणी, फरशी अशी तापलेली की एका पायावर नाचले.

बॉनेट उघडून ती पाहत होती. "समोरून हवा येते वं आई, पण जाते कुठून? या मोठ्या इंजिनानं सारी जागा खाल्ली. कोंडून राहिली आहे आत." बॉनेटला वरून मोठं भोक पाडायचं आणि त्यावर तिरप्या फटींचा पत्रा बसवायचा, म्हणजे गरम हवा निघून जाईल, असं तिचं म्हणणं. असा पत्रा कोणाकडे? कूलरवाल्याकडे. फोन लावला.

"ताई, मे महिना आहे," तो म्हणाला. "जून लागू द्या, म्हणाल ते बनवून देतो. आता मेलो तरी टाइम नाही."

तिनं फोन ठेवला. मग आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिघांनी मिळून हॉलमधल्या आमच्या लोखंडी कूलरकडे पाहिलं. त्याच्या तिन्ही बाजूंना तसाच पत्रा.

"नाही," काका म्हणाले. "मे महिन्यात नाही."

आणि तेच उठले, कूलरची पिन काढली. "पाणी तं काढू दे आधी, करंट लागन."

रविवारभर कापणं आणि रिबिट मारणं चाललं होतं. फटींची तोंडं मागे, काचेकडे ठेवायची हे तिनं मला दोनदा समजावलं, जसं काही मीच मारणार होते रिबिट. कूलरच्या उघड्या बाजूला मी गोणपाट बांधलं आणि मगानं ओलं करत राहिले. काका बनियनवर बसून म्हणाले, "माझ्या घामावर गाडी धावणार आहे, लक्षात ठेवा."

ऊन उतरल्यावर लेआउटमध्ये गेलो. ती फेऱ्या मारत राहिली, मी पदराचं टोक पिळत राहिले. मग माझ्याजवळ येऊन थांबली. "पाह्य आई, काटा." काटा मधात होता.

सोमवारी गाडी गेली. ट्रॅकच्या दिवशी मी गेटपासून मागच्या दारापर्यंत आणि मागच्या दारापासून गेटपर्यंत. "बस ना वं आता, फरशी झिजन," काका म्हणाले. संध्याकाळी फोन आला. "आई, दिवसभर काटा हलला नाही. नाही विकत मी." मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आठवलं, जेवली का ते विचारलंच नाही.

आता जीव थाऱ्यावर यायला हवा होता की नाही? तर पुढच्या वेळचं नाव तिनं येताच नोंदवलं. आणि म्हणते तिथे शेजारी एकाला बसवता येतं, तुलेच नेते. तेव्हापासून मला बसवत नाही, उठवत नाही. नाही म्हणायला जाते आणि चहा घेते का विचारून परत येते. काल कोणी नसताना तिचं हेल्मेट घालून पाहिलं तर अंबाड्यावर अडकलं. तिला हेल्मेटाचं विचारलं तर ती होच समजेल. तू ये बाई लवकर, याच आठवड्यात ये. वेणी घालून बसतं का तेवढं पाहून दे, आणि मी हो म्हणू का नाही तेही तूच समोर बसून सांग.