परवानगीआधीची दाढ

"आज तारीख काय?" पेशंट समोर आला की डॉक्टर आधी हे विचारायचे. तो माणूस तारीख आठवेपर्यंत त्यांचा आरसा त्याच्या तोंडात गेलेला असायचा. घाबरायला वेळच मिळायचा नाही. दात पाहून झाला की तीच तारीख ते कार्डावर लिहायचे.

मुलांनो, तिकडे परदेशात दाताला हात लावण्याआधी विमा कंपनीची संमती लागते, असं परवा तुम्ही फोनवर वैतागून सांगत होतात. तेव्हापासून हे डॉक्टर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. अशीच संमती तपासणाऱ्या टेबलामागे एके काळी तुमची आजी बसत होती.

सरकारी कचेरीत मी कर्मचाऱ्यांची औषधोपचाराची बिलं तपासत असे. ठरलेल्या यादीतल्या डॉक्टरांकडे गेलं, तरच सरकार खर्च परत देई. नल्लकुंटा भागातले हे डॉक्टर त्या यादीत होते. पहिल्या मजल्यावर त्यांची एकच खोली. पांढऱ्या कोटाची वरची गुंडी कायम तुटलेली, आणि खाली दुकान शिंप्याचं! पेशंटशी ते त्याच्या भाषेत बोलत. एकीला, "नोप्पी उंदा, अम्मा?" म्हणजे दुखतंय का, तर दुसऱ्याला, "चिल्लाव नक्को मियाँ, अभी तो मैं हात बी नहीं लगाया." माझ्याशी मराठीत, आणि मला "बाई" म्हणत, जणू मी शाळेत शिकवते.

ती देशाची दारं उघडण्याची वर्षं होती. सुलतान बाजारात परदेशी टूथब्रश मिळू लागले होते आणि गावात काचेच्या दारांचे एसी दवाखाने निघाले होते. त्यांची बिलं कॉम्प्युटरवर छापलेली असत. खर्च वाढला तसा सरकारनं नियम आवळला: आधी लेखी परवानगी, मग उपचार. परवानगी यायला दोन आठवडे लागत. दुखरी दाढ तेवढं थांबते थोडीच? म्हणून सगळे दवाखाने उपचार लगेच करत आणि बिलावर परवानगीनंतरची तारीख टाकत. आम्हाला हे माहीत होतं. कागद नीट दिसला की आम्ही शिक्का मारत होतो.

हे डॉक्टर मात्र खरी तारीख लिहीत.

आमच्या ऑफिसातल्या वयस्कर अटेंडरांचा गाल एकदा इतका सुजला की डोळा मिटला. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाढ काढली आणि बिलावर तीच तारीख घातली. मी लाल शाईनं आक्षेप लिहून बिल परत केलं. पण अटेंडर रोज माझ्या टेबलावर पाणी आणून ठेवणारे. मला चैन पडेना. संध्याकाळी दवाखान्यात गेले.

"नुसती तारीख बदला, डॉक्टरसाहेब. सगळेच बदलतात."

"बाई, परवानगी आली तेव्हा ती दाढ बादलीत जाऊन बारा दिवस झाले होते. आता शोधून परत बसवू का?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं. मग म्हणाले, "तुमच्या नियमात तातडीच्या उपचारांना सूट आहे ना?"

"आहे. पण त्यात दात धरत नाहीत."

"धरत नाहीत, की कुणी धरून पाहिलं नाही? तुम्ही वर साहेबांना एक ओळ लिहा. नाही म्हणाले तर म्हणू देत."

"बघते," मी म्हणाले.

आणि लिहिली नाही. माझं इंग्रजी चांगलं म्हणून साहेब स्वतःची पत्रं माझ्याकडून लिहून घेत. एक ओळ मला जड नव्हती. पण तारखांची चर्चा निघाली असती, तर मी पास केलेल्या बिलांपर्यंतही कुणीतरी पोचलं असतं. मला भीती वाटली, इतकंच.

डॉक्टरांनी फी परत केल्याचं अटेंडरांनीच मला सांगितलं. "क्या आदमी है, अम्मा," म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

पुढे यादी नव्यानं करायचा हुकूम आला. ज्यांच्या बिलांवर आक्षेप जास्त, त्यांची नावं गाळायची होती. खोट्या तारखा घालणाऱ्यांवर एकही आक्षेप नव्हता. डॉक्टरांच्या नावावर मी रेघ मारली. पट्टी ठेवून, अगदी सरळ.

सरकारी पेशंट तुटले, आणि त्यांचे बहुतेक पेशंट सरकारीच होते. एकदा विद्यानगरच्या बसस्टॉपवर ते भेटले. मी काही बोलण्याआधी त्यांनीच विचारलं, "बाई, दात काय म्हणतायत?"

"ठीक आहेत."

"मग छान."

या दोन शब्दांत टोमणा कुठे आहे, हे मी घरी येईपर्यंत शोधत होते. तो नव्हताच.

काही वर्षांनी आदेश निघाला: सूज किंवा पू असेल तर दाताच्या उपचाराला आधी परवानगी नको. दुसऱ्या विभागातल्या कुणीतरी ती ओळ लिहिली होती. मी आदेशाची प्रत पर्समध्ये घालून नल्लकुंट्याला गेले.

जिना चढून वर गेले, तर खोलीत कॉम्प्युटरचा क्लास भरलेला. दातांच्या दवाखान्याची ती अवजड लोखंडी खुर्ची बहुधा जिन्यातून खाली नेता आली नसावी. तिच्यात एक मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती.

"ॲडमिशन है क्या, आंटी?"

मी डॉक्टरांचं नाव सांगितलं. तिनं रजिस्टर उघडलं, पानावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पान उलटून पुन्हा फिरवलं.

"इस नाम का कोई नहीं है, आंटी."