छत्रीमास्तरांचे रविवार

आकाशात औषधालाही ढग नसताना एखादा माणूस काळी छत्री उघडून उभा असेल, तर त्याला काय म्हणावं? आम्ही ‘छत्रीमास्तर’ म्हणायचो. मेलबर्नमध्ये त्या वर्षांत धड पाऊस नव्हता, बागेला पाणी घालायलाही नियम होते, आणि आमचे चित्रकलेचे इंग्रज मास्तर डँडेनॉन्गच्या ओढ्याकाठी छत्री घेऊन उभे. तीही डोक्यावर नाही, समोरच्या कागदावर धरलेली. “माझ्या डोक्याचं जे व्हायचं ते होऊन गेलंय,” ते म्हणायचे. “कोऱ्या कागदावर ऊन पडलं, की रंग खोटे बोलतात.”

आता पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आलेला मी तिथे काय करत होतो? ती विद्यार्थ्यांच्या लाटेची वर्षं. कोर्स कुठला, हे कोणी कोणाला विचारतच नसे. पीआर, म्हणजे कायमचं राहण्याचा परवाना, कधी, एवढंच विचारत. माझा रूममेट मंग्या आयुष्यात चहासुद्धा न करता केक भाजायला शिकत होता. त्याच्या कोर्सच्या जागा भरल्या, म्हणून एजंटने मला स्टेशनजवळच्या एका खासगी कॉलेजात, कलेच्या डिप्लोमाला ढकललं. माझी पात्रता म्हणजे शाळेतली एलिमेंटरीची परीक्षा, बी ग्रेड. अर्जात ती मी अशी काही लिहिली होती, की वाचणाऱ्याला वाटावं माझा सरकारी सत्कार झालाय.

पहिल्याच बुधवारी मास्तर आम्हाला ओढ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, “समोर दिसतंय ते काढा.” मी हुकमी माल काढला: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, झोपडी, नारळाचं झाड. मास्तरांनी हात पाठीमागे बांधून चित्र पाहिलं. दुसऱ्याच्या चित्राला ते कधी बोट लावत नसत, हनुवटीनेच दाखवत.

“मिस्टर पूना, हे डोंगर कुठे आहेत?”

“गोदामांच्या मागे असतील, सर.”

“आणि नारळ?”

“तोही तिकडेच.”

ते हसले नाहीत. म्हणाले, “मीही असाच होतो.” उत्तर इंग्लंडातल्या कोळशाच्या गावचा हा माणूस. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. संध्याकाळच्या कलाशाळेत शिकून हे तरुणपणी बोटीने इकडे आले, लहान लहान गावांतल्या शाळांमध्ये शिकवत राहिले आणि सुट्ट्यांत तंबू टाकून निसर्गचित्रं काढत राहिले. पहिली कित्येक वर्षं त्यांनी हा देश हिरवागार रंगवला. एका प्रदर्शनात एक शेतकरी बराच वेळ चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “मेट, एवढा पाऊस कुठे झाला तेवढं सांग, मेंढ्या तिकडे हलवतो.” हा किस्सा मास्तर दर महिन्याला सांगत आणि दर वेळी स्वतःच आधी हसत.

नेमकी बुधवारीच मला गोदामात खोकी उचलायची शिफ्ट मिळाली. हजेरी कमी पडली की व्हिसा धोक्यात, आणि शिफ्ट सोडली की जेवण. मी मास्तरांना म्हणालो, “सर, घोळक्यात माझा हात चालत नाही. मी भर दुपारी एकटा येऊन काढत जाऊ?” मास्तरांचे डोळे चमकले. चाळीस वर्षांत असं कोणी म्हणालं नव्हतं म्हणे! चित्र दाखवलं की ते बुधवारची हजेरी लावू लागले. चित्रं मी खोलीवर, गादीवर पालथा पडून, आठवेल तशी काढत होतो.

तिसऱ्या चित्रापाशी मास्तर थांबले. ओढ्याच्या उत्तर काठावरचं मोठं गमचं, म्हणजे निलगिरीचं, झाड होतं ते. हनुवटी त्याच्या सावलीकडे गेली.

“भर दुपारी काढलंस?”

“बाराच्या ठोक्याला, सर.”

“या देशात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. त्या झाडाची सावली पाण्यावर पडते. तू ती मागच्या गवतावर पाडलीस, पुण्यातल्यासारखी.” मग हळूच म्हणाले, “पहिल्या वर्षी मीही अशाच पाडल्या. पण मी निदान तिथे उभा तरी होतो.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी शिफ्टचं खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, “रविवारी काय करतोस?”

“झोपतो, सर.”

“आता नाही झोपायचं.”

त्यानंतर दर रविवारी सकाळी मास्तर मला डँडेनॉन्ग स्टेशनवरून त्यांच्या जुन्या गाडीत घ्यायचे. कधी डोंगराच्या पायथ्याशी, कधी वेरिबीच्या नदीवर. मी डब्यात पोहे न्यायचो. त्यातल्या मिरच्या ते काठावर ओळीने मांडून ठेवत. चार तास उभं राहून मी एकच झाड काढायचो. त्या बदल्यात ते एक बुधवार भरायचे. “तास झाले की झालं,” म्हणायचे, “वार देवाने थोडेच ठरवलेत?” माझं एक झाड हळूहळू झाडासारखं दिसायला लागलं होतं.

मग कॉलेजांची तपासणी सुरू झाली. माझ्या शिफ्टचे कागद आणि हजेरीपट समोरासमोर आले. मॅनेजरने ऑफिसात बोलावून कोरा कागद पुढे सरकवला.

“देख भाई, लिख दे की सर ने खुद हाजिरी लगाई, तुझे कुछ पता नहीं था. वीज़ा बच जाएगा.”

रविवारचं लिहिता आलं असतं. माझ्याकडे ढीगभर झाडं होती पुराव्याला. पण घरच्यांना काय तोंड दाखवू, हे एकच डोक्यात, आणि मी लिहिलं. सही केली. मॅनेजरने तो कागद दुसऱ्या एका कागदावर ठेवला आणि खूश होऊन म्हणाला, “अरे वाह, सेम टू सेम! सर भी सुबह आके यही लिख के गए.”

म्हणजे मला वाचवायला ते आधीच खोटं लिहून गेले होते. माझ्या कागदाची गरजच नव्हती.

खाली पार्किंगमध्ये मास्तर चित्रफलक ठेवायच्या लाकडी घोड्या गाडीत भरत होते. नोकरी गेली होती. “वर तुला काही विचारलं तर गप्प राहा,” ते म्हणाले, “मी सगळं लिहून दिलंय.” मी म्हणालो, “थँक यू, सर.” गाडीत बसताना त्यांनी विचारलं, “रविवारी, नेहमीच्या वेळी?”

“हो, सर.”

मी गेलो नाही. दुपारी मंग्या बाजारातून आला. “तुझे छत्रीमास्तर स्टेशनवर उभे होते रे. तुला ताप आलाय म्हणून सांगितलं मी. आला का नाही अजून?” त्यानंतर मी फोन नंबर बदलला.

पुढे दुसरा कोर्स, पीआर, नोकरी, मुलांच्या शाळेसाठी ग्लेन वेव्हर्लीत घर, सगळं रीतसर झालं. पार्ट्यांमध्ये मी माझ्या फजित्या रंगवून सांगतो. डोंगर गोदामांच्या मागे असल्याची तर खास फर्माईश होते. मागच्या वर्षी कळलं की मास्तर गेले आणि एका छोट्या हॉलमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन आहे. मी गेलो. त्यांची मुलगी दाराशीच होती. जुना विद्यार्थी म्हटल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

“बाबांनी ते कॉलेज का सोडलं, कधीच सांगितलं नाही. नंतर कोणीतरी म्हणालं, पोरांच्या खोट्या हजेऱ्या लावायचे. तू त्यांच्या वर्गात होतास. ते तसे होते का?”

“छे!” मी म्हणालो. “तसे मुळीच नव्हते.”

पुढचं वाक्य ओठांवर होतं. तेवढ्यात तिने माझे दोन्ही हात धरले, तिचे डोळे भरून आले. “विद्यार्थ्याच्या तोंडून हे ऐकायचं होतं. तू फार मोठं काम केलंस.” आणि ते आभारही मी घेतले.

हे सगळं मी आज लिहितो आहे, तेही मराठीत. तिला मराठी येत नाही. माझ्या धिटाईची मजल अजून एवढीच आहे.