बहिणीच्या पंपावरचं पेट्रोल

टॅक्सी स्टँडवर सगळे त्याला मामा म्हणायचे. सुरुवात त्याच्या भाचीनं केली. लहान असताना ती पंपामागच्या खोलीतून "मामा आला, मामा आला" असं ओरडत धावत यायची आणि रांगेतले ड्रायव्हर हसायचे. नाव चिकटलं. पोर मोठी झाली, ओरडेनाशी झाली, मामा मात्र मामाच राहिला. माझं गॅरेज त्या पंपाच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे बघायचं नसलं तरी मला सगळं दिसायचंच.

लोक पंप मामाच्या बहिणीचा म्हणायचे. खरा तो तिच्या मोठ्या दिरांचा. तिचा नवरा गेल्यावर दिरांनी तिला मागच्या दोन खोल्या राहायला दिल्या आणि हातात पेट्रोलची नळी दिली. त्या बाईनं पंपाचं सोनं केलं. रोज सकाळी मशीनच्या काचा पुसायची, प्रत्येकाला "आधी शून्य बघा" म्हणायची, आणि शेवटचा थेंब टाकीत पडेपर्यंत नळी बाहेर काढायची नाही. मापाला एवढी चोख बाई मी दुसरी पाहिली नाही. कोणी कुरकुर केलीच, तर तपासणीचं मापाचं भांडं काढून त्याच्यासमोर भरून दाखवायची. समोरचा ओशाळून निघून जायचा.

पण कुरकुर मापाची नसायचीच. ती मालाची असायची, आणि ती तिच्या कानावर न जाता माझ्या गॅरेजात यायची. टँकर आला की जमिनीखालच्या टाकीत माल उतरवायचं काम दीर स्वतः करायचे आणि तेवढ्या वेळात हिला चहा करायला आत पाठवायचे. मग पुढचे काही दिवस त्या पंपावरच्या गाड्या माझ्याकडे एकाच दुखण्यानं यायच्या. चढावर इंजिन टकटक वाजतंय, पिकअप मेलाय, सिग्नलला गाडी बंद पडतेय. प्लग काढावेत तर काजळीनं माखलेले. त्यात रॉकेल होतं की आणखी कसला स्वस्त माल, ते दिरांनाच ठाऊक. मी आपलं येईल त्याला सांगायचो, बाबा रे, पेट्रोल दुसरीकडे भर.

गंमत अशी, की माल नेहमीच वाईट नसायचा. मधूनच टँकर जसाच्या तसा उतरायचा आणि गाड्या लोण्यासारख्या पळायच्या. नेहमीच वाईट असता तर माणसं केव्हाच पांगली असती. अधूनमधून चांगलं मिळतं, म्हणून माणूस वाईट सोसत राहतो. संसारातही हेच होतं, पेट्रोल पंपावर काय वेगळं होणार!

मामा रोज सकाळी तिथंच भरायचा. त्याची गाडी मी इतक्या वेळा खोलली की तिचे नटसुद्धा मला ओळखत असतील. एकदा मी त्याच्या टाकीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढून त्याच्या नाकाशी धरलं.

"वास घे. आता बोल."

त्यानं वास घेतला, ग्लास माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला आणि आधी रस्त्यापलीकडे बघितलं.

"हळू बोल रे."

"हळू कशाला? बहिणीला सांग की."

"सांगितलं तर ती तिथं एक दिवस राहायची नाही. तिला मी ओळखतो. पोरीला घेऊन जाईल कुठं? माझ्या एका खोलीत आम्हीच चौघं."

"आणि बाकीच्यांच्या गाड्यांचं काय?"

त्यानं ग्लास उचलला आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी चिडलो, नको ते बोललो. तो ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिच्या रांगेत उभा. स्टँडवरचे म्हणायचे, भाचीनं नुसतं मामा म्हटलं, पेट्रोलनं मामा बनवलं. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मला त्या हसण्याचा फार राग यायचा.

हे सगळं त्याला किती महागात पडत होतं, ते पुलावर कळलं. शिवणाचा क्लास घेणाऱ्या एक आजी होत्या. त्यांना डायलिसिसला मामाच न्यायचा. हाताला धरून जिना उतरवायचा, मानेमागं उशी द्यायचा. त्यांना दुसऱ्या कुणाची गाडी चालायची नाही. त्या दिवशी पुलाच्या चढावर गाडीनं झटके दिले आणि भर वाहतुकीत बंद पडली. आजी हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्यांच्या वेळेतला बराच भाग गेला होता. पुढच्या पेशंटसाठी मशीन सोडावं लागलं आणि त्यांचं डायलिसिस अर्धवट राहिलं. रात्रभर त्यांना धाप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं भर स्टँडवर मामाला फैलावर घेतलं. "भंगार चालवता आणि आजाऱ्यांना बसवता? माझी आई गेली असती म्हणजे?"

मामा एवढंच म्हणाला, "चूक माझी. गाडी जुनी झालीय."

दोष त्यानं स्वतःवर घेतला, गाडीवर घेतला. पंपाचं नाव तोंडातून काढलं नाही. आजींचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्यानंतर माझ्या बाकावर तो बराच वेळ बसून होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याची कीव आली नाही, स्वतःचीच लाज वाटली. एवढं सोसून गप्प राहणं मला कधी जमलं नसतं.

मी त्याचे इंजेक्टर साफ केले, टाकी धुतली, नवं फिल्टर घातलं. दुसऱ्या दिवशी चढावर गाडी तपासायला मी त्याच्याबरोबर निघालो. त्याच दिवशी बहिणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. ती मागं बसली. तिला गाडीत बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. एरवी ती कायम गाडीच्या बाहेरच उभी असायची. पूल चढायला लागलो आणि इंजिन वाजायला लागलं. टकटक, टकटक. गाडीला दम लागला.

"दादा, हा कसला आवाज?"

"काही नाही गं. काल घाईत दुसरीकडे भरलं. तिथलं पेट्रोल बरं नाही."

ती मागून पुढं वाकली.

"आज सकाळी टाकी रिकामी होती. नळी मीच धरली होती, दादा."

मामानं समोर काही नसताना गियर बदलला. मग म्हणाला, "मग गाडीच जुनी झाली."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा. गॅरेजवाले आहात. खरं काय ते सांगा."

मी तोंड उघडणार, एवढ्यात मामानं मोकळ्या रस्त्यावर जोरात हॉर्न दाबला आणि दाबूनच ठेवला. मी फटकळ म्हणून गावभर बदनाम, पण त्या हॉर्नपुढं माझी जीभ उचलेना. हॉर्न थांबला तरी मी गप्पच होतो. तेवढं तिला पुरलं. 

संध्याकाळी मी पुन्हा टाकी उपसली आणि कसंबसं पुढच्या पंपापर्यंत जाईल एवढंच ठेवलं. म्हटलं, आता तरी हा दुसऱ्या पंपावर जाईल. तर सकाळी हा आपला तिच्याच रांगेत. थोड्या वेळानं हॉर्नचा कल्ला झाला म्हणून मी धावत गेलो. मामाची गाडी मशीनपुढं बंद उभी होती, टाकीचं झाकण लावलेलंच. मागं लोक ओरडत होते. बहिणीच्या हातात नळी होती आणि ती दबक्या आवाजात विनवत होती.

"दादा, पुढच्या पंपावर जा. तुझ्या गाडीत मी हे घालणार नाही."

"आणि मागच्यांच्या?"

तिनं मागं बघितलं. एक बाई लेकराला पुढं उभं करून स्कूटरवर थांबली होती, तिच्यामागं एक डिलिव्हरीची गाडी.

"सगळ्यांचं मला झेपत नाही, दादा. मी कुठं जाऊ? तुझ्यापुरतं तरी ऐक."

मामा गाडीतून उतरला. त्याचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"इतके दिवस तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या हातून नकळत होतंय म्हणून मी मुकाट्यानं भरून घेत होतो. गाडीची वाट लागली, आजींचं काम गेलं, काही वाटलं नाही मला. पण आता तू जाणूनबुजून भरणार आणि वर शून्य दाखवणार. ते मला बघवणार नाही. पोरीला घे आणि चल. चौघं झोपतो तिथं सहा झोपू."

मागची बाई म्हणाली, "अहो ताई, भरताय ना? मला उशीर होतोय."

बहीण नळीकडे बघत राहिली. मग तिनं ती मशीनला अडकवली आणि त्या बाईला म्हणाली, "इथं भरू नका. पेट्रोल चांगलं नाही." हे ती मोठ्यानं म्हणाली. ऑफिसच्या काचेमागं दीर उठून उभे राहिले.

मामानं चावी फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. रांगेत सरकता सरकता होतं तेवढंही संपलं होतं; टाकी मीच उपसली होती. मग त्यानं दार उघडं ठेवून एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि खांदा लावला. बहिणीनं मागून दोन्ही हात टेकले. मी तिच्या शेजारी जाऊन जोर लावला. रांगेतल्या माणसांपुढून आम्ही तिघं ती गाडी इंचाइंचानं बाहेर काढत होतो. गालांवरचं पाणी पुसायला तिचा हात मोकळा नव्हता.

"दादा," ती मागून म्हणाली, "तुला कधीपासून माहीत होतं?"

मामानं वळून पाहिलं नाही.

"जोर लाव," तो म्हणाला. "पुढं चढ आहे."