टँकरचा वार

गेल्या उन्हाळ्यात बीडच्या एका हॉस्पिटलात मला जाग आली, आणि तिसऱ्या प्रश्नालाच मी नापास झाले.

आदल्या दिवशी मेंदूतली गाठ काढली होती. डाव्या बाजूची, लिंबाएवढी. सर्जननी आधीच सांगितलं होतं, उजवा हात मंद होईल, काही शब्द सापडणार नाहीत... मी म्हटलं, काढा.

जाग आल्यावर आधी उजवा हात पाहिला. करंगळी हलली. बाकीची बोटं उशिरा हलली, पण हलली.

मी आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची सचिव आहे. गाव नांदूरघाटच्या पुढे. त्या वर्षी विहिरी आटलेल्या, पिण्याचं पाणी टँकरचं, दोन दिवसांआड. दुधाचे कॅन त्याच पाण्यात धुवायचे. कॅन नीट धुतला नाही तर शीतकरण केंद्रावरून दूध परत येतं, आणि त्या दिवशी पस्तीस बायकांची मेहनत नाल्यात जाते.

सोमवारी टँकरचं पाणी भरून घेतलं आणि मगच हॉस्पिटलला निघाले. गाडीत बसताना आबा आले. आबा माझे चुलत दीर. संस्था बायकांची, पण ती आपल्याशिवाय चालत नाही असं त्यांचं मत.

"वैनी, डोक्याचं काम हाय. संस्थेची चावी ठिवून जा माझ्याकडं. माघारी आल्यावर बघू, काय सुधरतंय का तुमाला."

चावी मी चतुराबाईंकडे दिली. त्या कॅन धुतात. आबा गप्प बसणार नाहीत हे मला कळलं होतं.

तर आयसीयूतली ती सकाळ. एक तरुण डॉक्टर फाईल घेऊन आले. कोल्हापूरकडचे, बीडला नवीन. नाव विचारलं, सांगितलं. कुठे आहात? बीडला. आज वार कोणता?

वार मला माहीत होता. नेमका माहीत होता. पण त्याचं नाव येईना... जिथे ते असायचं तिथे काहीच नव्हतं. जे होतं ते मी सांगितलं.

"टँकरचा."

त्यांनी परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. त्यांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं आणि सिस्टरना इंग्रजीत म्हणाले, पेशंटला भान नाही, संध्याकाळी पुन्हा स्कॅन करू. मी बी.ए. झाले आहे. आणि झाले नसते तरी तो चेहरा कळला असता.

पाच मिनिटांसाठी आमच्या यांना आत सोडलं. डॉक्टरांनी त्यांनाही तेच सांगितलं, हळू आवाजात. हे कॉटचा दांडा धरून उभे राहिले. मला दिसत होतं, ही बातमी संध्याकाळच्या आत गावात जाणार. एकदा गेली की स्कॅनमध्ये काहीही निघो, चावी आबांकडेच जाणार.

"फोन लावा," मी म्हटलं. "चतुराबाईंना. मोठ्या आवाजात."

सिस्टर नको म्हणाल्या. मी यांच्याकडेच बघत राहिले. यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, एक मिनिट, फक्त एक.

फोन उचलला गेला आणि आयसीयूत आमचं गाव शिरलं. बॅरल घासत नेण्याचा आवाज, बायकांची भांडणं, पाइपातून पडणारं पाणी...

"दाजी, आता नका बोलू, टँकर आलाय," चतुराबाई ओरडत होत्या. "ताई जाग्या हायेत का? इचारा त्यांना, निळ्या बॅरलातलं पानी कॅनला घेऊ का? आबा म्हनायलेत घे."

मागून आबांचा आवाज आला. "तिला कावून इचारती? तिला माणूस वळखू येतंय का, ते बघ आधी."

मी बोलले. एकेक शब्द उचलून ठेवावा लागत होता.

"निळं नको. त्याचं झाकण फुटलंय. सोमवारचं पाणी आहे, गाळ असेल. ते म्हशींना पाजा. कॅनला आजचं घ्या. गरम करून. आणि आबा... मी ओळखलं तुम्हाला."

तिकडे कुणीतरी हसलं. चतुराबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

डॉक्टर यांना म्हणाले, "म्हणजे आज खरंच टँकरचा..."

"सोमवारी आलता. दोन दिवस आड. आज गुरुवार," हे म्हणाले.

मी डॉक्टरांना म्हटलं, "खोडा ते."

"ताई, फाईलमध्ये खोडता येत नाही. खाली लिहितो."

"लिहा मग. वाचून दाखवा."

त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. पेशंट वार टँकरवरून सांगते, वार बरोबर आहे. तो कागद मी जपून ठेवलाय.

तीन आठवड्यांनी गावी गेले. डोक्यावर केस नव्हते. जाऊबाईंनी स्कार्फ आणला होता, तो पिशवीतच राहिला. चतुराबाईंनी चावी समोर धरली, मी ती उजव्या हातात घेतली. कुलपाला चावी लागेना. एकदा, दोनदा, तीनदा...

"द्या इकडं, वैनी."

"थांबा, आबा."

ते थांबले. कॅन घेऊन आलेल्या बायकाही थांबल्या. चौथ्यांदा कुलूप उघडलं. चावी अजून माझ्याकडेच आहे.

वारांची नावं एकेक करून परत आली, गुरुवार सगळ्यात शेवटी. पण त्या दिवशी फोनवर चतुराबाईंनी मला तब्येत विचारली नाही, काम विचारलं... त्याबद्दल त्यांना काय म्हणायचं, तो शब्द मला अजून सापडलेला नाही.